शेतात शिकलेली स्पॅनिश : डॉ. खानखोजे आणि मक्याची भाषा

विदर्भात डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव घेतले की गदर पक्ष आठवतो. वर्ध्याचा एक तरुण जपानमार्गे अमेरिकेत जातो, तिथे शेतीशास्त्र शिकतो, १९१३ साली गदरच्या उभारणीत भाग घेतो आणि पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगराळ मुलखात इंग्रजांविरुद्ध लढतो. इथपर्यंतची कथा आपल्याला पाठ आहे. पुढची तीस वर्षे मात्र आपण दोन ओळींत संपवतो. १९२४ साली खानखोजे मेक्सिकोत पोहोचले आणि १९५५ साली नागपूरला कायमचे परतले. मधला काळ त्यांनी बहुतांशी स्पॅनिश भाषेत काढला. या लेखात त्या भाषेचा विचार करायचा आहे, कारण तिच्याशिवाय त्यांचे मेक्सिकोतले काम समजत नाही.

मेक्सिकोत गेले तेव्हा ते चाळिशीचे होते. राज्यक्रांती नुकतीच शमली होती. १९१७च्या राज्यघटनेने जमीनदारांच्या जमिनी गावांना परत देण्याची वाट मोकळी केली होती. माजी राष्ट्राध्यक्ष मान्वेल गोन्सालेस यांची चापिंगो येथील वाडी राष्ट्रीय कृषी विद्यालयाला मिळाली. तिथल्या जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंती दिएगो रिव्हेरा रंगवत होता, त्याच काळात खानखोजे तिथे शिकवू लागले. १९२८च्या सुमारास त्यांनी ‘एस्क्वेलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा’, म्हणजे शेतीच्या मुक्त शाळा, सुरू केल्या. पहिल्या शाळेला एमिलियानो झपाटाचे नाव दिले. १९३० साली मक्याच्या नव्या वाणांवरची त्यांची स्पॅनिश पुस्तिका चापिंगोहून निघाली. तिच्यातली छायाचित्रे तिना मोदोत्ती हिने काढली होती.

या तीन तारखा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. देशात पाऊल ठेवल्यापासून चारच वर्षांत हा माणूस शेतकऱ्यांसाठी शाळा चालवतो आणि सहा वर्षांत त्यांच्या पिकावर लिहितो. आधी व्याकरण पक्के करायचे आणि मग तोंड उघडायचे, अशी सवड इथे नव्हती. भाषा कामाबरोबरच यायला हवी होती.

आता ही भाषा कोणती? मेक्सिकोच्या शेतातली स्पॅनिश माद्रिदची नव्हे. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरतात त्या शेताला ‘मिल्पा’ म्हणतात. कोवळे कणीस म्हणजे ‘एलोते’. चुन्याच्या पाण्यात उकळलेला मका ‘निश्तामाल’, ज्यावर भाकरी भाजतात तो तवा ‘कोमाल’, आणि तो मका वाटायचा दगड ‘मेताते’. ही सगळी नावे नाव्हात्ल या तिथल्या मूळ भाषेतली आहेत. स्पॅनिश राज्यकर्ते आले, राज्य करून गेले, पण पिकाची आणि चुलीची नावे बदलू शकले नाहीत. मेताते आणि त्यावरचा हाताचा दगड पाहिला की आपल्याला पाटा-वरवंटाच आठवेल. मक्याचे शास्त्र शिकवायचे तर हे शब्द शिकवणाऱ्यालाच आधी शिकावे लागतात, आणि ते शिकवणारा असतो समोरचा शेतकरी. बियाण्याचे ज्ञान एका बाजूने जाते आणि भाषा दुसऱ्या बाजूने येते. दोघेही एकमेकांचे विद्यार्थी होतात.

मानवेंद्रनाथ रॉय हेही १९१७ साली मेक्सिकोत आले होते. त्यांनी १९१८ साली भारतावर स्पॅनिश ग्रंथ लिहिला आणि तिथल्या राजकारणात वाद घातले. त्यांची स्पॅनिश राजधानीची, वृत्तपत्रांची आणि सभांची. खानखोजे यांना मातीशी आणि बियाण्याशी बोलता येणारी स्पॅनिश हवी होती. एकच भाषा दोन दारांनी घरात येते, आणि दार कोणते यावर घरातल्या कोणाशी आपली ओळख होणार ते ठरते.

मराठी माणसाला या भाषेत काही ठिकाणी वाट सोपी जाते. सिंदेवाहीत स्पॅनिशचा वर्ग नाही. खानखोजे यांचे लेखन वाचता यावे म्हणून मी रोजच्या व्यवहारातून ती शिकू लागलो. बाजाराची यादी स्पॅनिशमध्ये लिहायची, स्वयंपाकघरातल्या वस्तूंना त्या नावाने हाक मारायची. तेव्हा जाणवले की ‘मे गुस्ता एल मांगो’ ही रचना ‘मला आंबा आवडतो’ अशीच आहे. आंबे अनेक झाले की ‘गुस्तान’ होते, जसे आपल्याकडे ‘आवडतात’. क्रियापद फळाच्या मागे जाते, खाणाऱ्याच्या नाही. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा इथे हमखास अडखळतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला फरक स्पॅनिशमध्येही आहे. त्यांचा ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखाच दातांना लागतो. शिवाय पोर्तुगीजांमार्फत आलेले शब्द आहेतच. आपला ‘पगार’ स्पॅनिशमध्ये ‘पागार’, म्हणजे पैसे देणे. बटाटा, पपई, तंबाखू ही तर त्याच खंडातून आलेली नावे.

पण शब्द जुळले तरी काम तेवढ्याने भागत नाही, हे आमच्या भागातून चांगले दिसते. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि भोवती धानाचा मुलूख. इथली बोली झाडीबोली. शेताच्या बांधबंदिस्त तुकड्याला ‘बांधी’, रोपांना ‘पऱ्हे’, फेकून पेरलेल्या धानाला ‘आवत्या’ म्हणतात. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून बांधीतली वेगळी दिसणारी ओंबी निवडत ‘एचएमटी’ धान घडवले. त्यांचे शिक्षण थोडे आणि जमीनही थोडीच. नव्या वाणाचे निरीक्षण त्यांनी याच बोलीत केले. अशा शेतकऱ्याकडे जाणारा तज्ज्ञ ‘रोपे’ म्हणत राहिला आणि ‘पऱ्हे’ शिकला नाही, तर त्याला अर्धीच गोष्ट ऐकू येते. वाणाचे श्रेय कोणाचे, हा वाद पुढे उभा राहतो त्याची सुरुवात बहुधा इथेच होते : ज्याची भाषा आपण शिकलो नाही, त्याचे ज्ञान आपल्याला ज्ञान वाटत नाही.

मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेराचे एक भित्तिचित्र आहे. एका मेजाभोवती माणसे बसली आहेत आणि मधला माणूस भाकरी मोडतो आहे. तो चेहरा खानखोजे यांचा मानला जातो. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. वीणा गवाणकर यांच्या चरित्रामुळे त्यांचे जीवन मराठी वाचकापर्यंत पोहोचले.

त्यांच्या स्पॅनिश पुस्तिका मराठीत आणायच्या, तर अनुवादकाच्या हाताशी नुसता कोश असून चालणार नाही. त्याला ‘मिल्पा’ कळायला हवी आणि ‘बांधी’ही. हे दोन्ही शब्द शाळेत मिळत नाहीत. त्यासाठी एक हंगाम शेतकऱ्याबरोबर उभे राहावे लागते.