विश्लेषण: बंगळुरूच्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’नं देशाला काय दिलं?

केंद्र सरकारची उच्चशिक्षण संस्थांची क्रमवारी २०१६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४ पर्यंत दरवर्षी विद्यापीठांच्या गटात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स (आयआयएससी) पहिल्या क्रमांकावर राहिली. पण या क्रमवारीत मुख्यतः शोधनिबंध, अध्यापन, निधी अशा गोष्टी मोजल्या जातात. चंदनाचा साबण, ‘इस्रो’चं बंगळुरूतलं मुख्यालय आणि पश्चिम घाट वाचवण्याचा वाद यांचा त्यात समावेश नसतो. या तिन्ही गोष्टींचा धागा मात्र याच संस्थेपर्यंत जातो.

संस्था कशी उभी राहिली?

देशात संशोधनाचं विद्यापीठ हवं, ही कल्पना उद्योगपती जमशेटजी टाटा यांची. त्यासाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा देऊ केला. नोव्हेंबर १८९८ मध्ये त्यांनी स्वामी विवेकानंदांना पत्र लिहून या कामात साथ मागितली. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना मात्र ही योजना व्यवहार्य वाटत नव्हती. शिकून बाहेर पडलेल्यांना काम कोण देणार, अशी शंका होती.

मंजुरीची वाट पाहता पाहता १९०४ मध्ये जमशेटजींचं निधन झालं. पुढे त्यांच्या मुलांनी आणि सहकारी बर्जोरजी पादशहा यांनी पाठपुरावा सुरू ठेवला. म्हैसूर संस्थानानं बंगळुरूत ३७१ एकर जागा दिली, १९०९ मध्ये संस्थेची अधिकृत स्थापना झाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. शहरातल्या जुन्या रहिवाशांच्या तोंडी आजही तिचं नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असंच आहे.

चंदनापासून विमानापर्यंत

कर्झन यांच्या काळातल्या शंकेचं उत्तर काही वर्षांतच मिळालं. म्हैसूरचं चंदन तेल काढण्यासाठी युरोपात, विशेषतः जर्मनीत जायचं. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि ही निर्यात थांबली. संस्थानात चंदनाचा साठा पडून राहिला. तेव्हा आयआयएससीचे प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनी इथेच तेल काढून दाखवलं. १९१६ मध्ये संस्थानानं तेलाचा कारखाना सुरू केला. ‘म्हैसूर सँडल’ साबण त्यातूनच पुढे आला.

दुसऱ्या महायुद्धात असंच पुन्हा घडलं. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साथीनं १९४० मध्ये बंगळुरूत विमान कारखाना काढला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) ती हीच. कारखान्याला शिकलेली माणसं हवी होती. १९४२ मध्ये आयआयएससीत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची जबाबदारी कोल्हापूर भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे आली. पुढे एचएएलमध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान तयार झालं. १९५१ मध्ये त्यानं पहिलं उड्डाण केलं.

‘इस्रो’ बंगळुरूत का?

विक्रम साराभाई यांच्या निधनानंतर अंतराळ कार्यक्रमाची धुरा प्रा. सतीश धवन यांच्याकडे द्यायचं ठरलं. धवन १९६२ पासून आयआयएससीचे संचालक होते. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, संस्थेचं संचालकपद सोडणार नाही. दोन, अंतराळ कार्यक्रमाचं मुख्यालय बंगळुरूत असेल. दोन्ही मान्य झाल्या. १९७२ पासून पुढची नऊ वर्षं त्यांनी दोन्ही जबाबदाऱ्या एकत्र सांभाळल्या.

गावाकडे आणि जंगलाकडे

१९७४ मध्ये प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. त्यातून कमी लाकूड लागणारी, धूर बाहेर सोडणारी चूल तयार झाली. प्रयोगशाळेतल्या आकड्यांपेक्षा गावातली बाई ती रोज वापरते का, ही खरी परीक्षा होती.

याच सुमारास पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ संस्थेत आले आणि त्यांनी इथे परिसरशास्त्राचं केंद्र उभारलं. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं २०११ मध्ये पश्चिम घाटाची संवेदनशीलतेनुसार तीन पातळ्यांत विभागणी सुचवली. घाटाबाबतचे निर्णय ग्रामसभांना विचारून घ्यावेत, असाही आग्रह अहवालात होता. राज्यांच्या विरोधानंतर केंद्रानं दुसरी समिती नेमली. तरी दरड कोसळली की महाराष्ट्र, गोवा आणि केरळमध्ये आजही गाडगीळ अहवालाची आठवण निघते.

दार कोणासाठी उघडं होतं?

संस्थेच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १९३३ मध्ये कमला भागवत या तरुणीनं इथे संशोधनासाठी अर्ज केला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले, गुणही उत्तम. तरीही ‘स्त्री’ म्हणून त्यांना नकार मिळाला. नकार देणारे संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन.

कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर पहिलं वर्ष परीक्षेचं, या अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि इतर मुलींसाठीही दार उघडलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवून त्या विज्ञानातल्या सुरुवातीच्या भारतीय महिला डॉक्टरेटपैकी एक ठरल्या. कमला सोहोनी हे त्यांचं लग्नानंतरचं नाव.

अण्णा मणी यांनी १९४० नंतर रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन केलं, पाच शोधनिबंध लिहिले. तेव्हा पदवी मद्रास विद्यापीठ देत असे. एमएस्सी नसल्याचं कारण देऊन विद्यापीठानं त्यांना पीएचडी नाकारली. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी देशी बनावटीची हवामान उपकरणं उभी केली.

आता पुढे काय?

विज्ञान आणि अभियांत्रिकीसाठी ओळखली जाणारी आयआयएससी आता वैद्यकशास्त्रात उतरते आहे. २०२२ मध्ये दोन दाम्पत्यांनी दिलेल्या ४२५ कोटी रुपयांच्या देणगीतून आवारात ८०० खाटांचं रुग्णालय आणि वैद्यकीय संशोधनाची सोय उभी करण्याचं ठरलं. डॉक्टर आणि अभियंते एकाच आवारात काम करतील, ही त्यामागची कल्पना.

त्याचं फळ पुढच्या क्रमवारीत लगेच दिसेल, असं नाही. चंदनाच्या तेलाला युद्धाची निकड होती, म्हणून ते काही वर्षांत झालं. विमानविद्येच्या विभागातून ‘एचटी-२’ आकाशात जायला नऊ वर्षं लागली. आणि ज्या माणसानं या संस्थेची कल्पना मांडली, त्याला तर तिची पायाभरणीही पाहायला मिळाली नव्हती.