व्हाइटवॉशिंग (चित्रपट)

व्हाइटवॉशिंग म्हणजे मूळ कथेत किंवा वास्तवात गौरेतर वंशाच्या असलेल्या व्यक्तिरेखेसाठी गौरवर्णीय कलाकाराची निवड करण्याची चित्रपटसृष्टीतील प्रथा होय. भिंतीला सफेदी देणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ही संज्ञा रूढ झाली. हॉलिवूडमध्ये कादंबऱ्या व चित्रकथांवरून चित्रपट करताना आशियाई व्यक्तिरेखांच्या बाबतीत ही प्रथा विशेष आढळते.

स्वरूप

या प्रथेचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात व्यक्तिरेखा आशियाईच राहते, पण गोरा कलाकार रंगभूषेच्या साहाय्याने ती साकारतो. पूर्व आशियाई व्यक्तिरेखांच्या संदर्भात यास 'यलोफेस', तर दक्षिण आशियाई व्यक्तिरेखांच्या संदर्भात 'ब्राउनफेस' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात व्यक्तिरेखेचा वंशच बदलला जातो.

प्रारंभिक काळ

पर्ल बक यांच्या चिनी शेतकरी कुटुंबावरील कादंबरीवर आधारित 'द गुड अर्थ' (१९३७) हे या प्रथेचे ठळक उदाहरण मानले जाते. त्यातील पती-पत्नीच्या प्रमुख भूमिका पॉल म्युनी व लुईझ रायनर या गोऱ्या कलाकारांनी केल्या. लॉस एंजेलसमध्ये जन्मलेल्या चिनी वंशाच्या प्रसिद्ध अभिनेत्री ॲना मे वाँग यांना नायिकेची भूमिका मिळाली नाही. मोहिनी घालणाऱ्या उपपत्नीच्या भूमिकेसाठी त्यांचा विचार झाला, परंतु ती त्यांनी नाकारली. त्या काळी लागू असलेल्या हेज संहितेत आंतरवंशीय संबंधांच्या चित्रणास मनाई होती. मूळ कलमाचा रोख गोऱ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींमधील संबंधांवर असला, तरी व्यवहारात त्याची झळ आशियाई कलाकारांनाही बसली. नायक गोरा ठरला की पत्नीच्या भूमिकेतही गोरी अभिनेत्रीच घेतली जाई. रायनर यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.

'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (१९६१) या चित्रपटात मिकी रूनी यांनी साकारलेला जपानी शेजारी पुढे वांशिक विडंबनाचा नमुना म्हणून टीकेस पात्र ठरला.

भारतीय व्यक्तिरेखा

'द रेन्स केम' (१९३९) या चित्रपटात टायरोन पॉवर यांनी भारतीय डॉक्टरची भूमिका केली. ई. एम. फॉर्स्टर यांच्या कादंबरीवरील 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४) या डेव्हिड लीन दिग्दर्शित चित्रपटात प्राध्यापक गोडबोले या मराठी आडनावाच्या ब्राह्मणाची भूमिका ब्रिटिश अभिनेते ॲलेक गिनेस यांनी केली. याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफ्री व रोशन सेठ हे भारतीय कलाकार महत्त्वाच्या भूमिकांत होते. त्यामुळे योग्य भारतीय कलाकार उपलब्ध नव्हते, हे समर्थन येथे टिकत नाही.

याची उलट बाजू मर्ल ओबेरॉन यांच्या कारकिर्दीत दिसते. मुंबईत जन्मलेल्या या अभिनेत्रीने आपला दक्षिण आशियाई वंश लपवून जन्मस्थान टास्मानिया असल्याचे सांगितले. 'द डार्क एंजल' (१९३५) साठी त्यांना ऑस्कर नामांकन मिळाले. गोऱ्या कलाकाराला उघडपणे आशियाई होता येत असे. आशियाई कलाकाराला मात्र नायिका होण्यासाठी गोरे म्हणून वावरावे लागे.

एकविसावे शतक

'द लास्ट एअरबेंडर' (२०१०) हा एम. नाइट श्यामलन यांचा चित्रपट आशियाई व इन्युइट संस्कृतींवर बेतलेल्या ॲनिमेशन मालिकेवर आधारित होता. त्यात तीन प्रमुख नायक-नायिका गोऱ्या कलाकारांनी, तर शत्रुराष्ट्रातील राजपुत्र भारतीय वंशाच्या देव पटेल यांनी साकारला. या निवडीविरुद्ध चाहत्यांनी संघटित मोहीम चालवली. जपानी चित्रकथेवरील 'घोस्ट इन द शेल' (२०१७) मध्ये स्कार्लेट जोहान्सन यांच्या निवडीवरही टीका झाली. मात्र, याच कथेवरील १९९५ च्या ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शक मामोरू ओशी यांनी नायिकेचे शरीर कृत्रिम असल्याचे सांगून या निवडीचे समर्थन केले.

कारणे व टीका

प्रसिद्ध चेहऱ्याशिवाय मोठ्या खर्चाच्या चित्रपटास भांडवल मिळत नाही, असा युक्तिवाद निर्माते करतात. टीकाकारांच्या मते हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो: प्रमुख भूमिका मिळाल्याशिवाय कलाकार प्रसिद्ध होत नाही आणि प्रसिद्ध नसल्यामुळे त्याला भूमिका मिळत नाही.

बदल

२०१७ मध्ये 'हेलबॉय' चित्रपटातील व्यक्तिरेखा मूळ चित्रकथेत जपानी-अमेरिकन असल्याचे समजताच एड स्क्राइन यांनी ती भूमिका सोडली. पुढे ती डॅनियल डे किम यांनी केली. केव्हिन क्वान यांच्या कादंबरीवरील 'क्रेझी रिच एशियन्स' (२०१८) हा आशियाई वंशाच्या कलाकारांचा चित्रपट व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी ठरला. कादंबरीतील नायिका गोरी करावी, असे एका निर्मात्याने सुचवल्याचे क्वान यांनी सांगितले आहे. सिंगापूरमधील भारतीय वंशाच्या लोकांना या चित्रपटात सेवक व पहारेकरी यांपलीकडे स्थान नाही, अशी टीकाही झाली. २०२३ मध्ये मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. आपली आशियाई ओळख उघडपणे सांगणाऱ्या अभिनेत्रीस हा पुरस्कार प्रथमच मिळाला; चिनी स्त्रीच्या भूमिकेसाठी रायनर यांना तो १९३८ मध्येच मिळाला होता.