व्याकरणशाळेचे एक वर्ष



इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यात ॲव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड नावाचे एक बाजारगाव आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कातडी कमावणारे, हातमोजे शिवणारे, लोकरीचा आणि धान्याचा व्यापार करणारे लोक राहत असत. गावातील जुन्या धर्मसंघाची लाकडी चौकटीची एक दुमजली इमारत होती. तिच्या तळमजल्यावर नगरपंच बसत आणि वरच्या मजल्यावर गावची मुले लॅटिन भाषेची रूपे घोकीत. सहाव्या एडवर्ड राजाने १५५३ साली दिलेल्या सनदेने ही शाळा गावाच्या स्वाधीन झाली. शिक्षकाला वर्षाला २० पौंड वेतन आणि राहावयास घर गावाने द्यावे, आणि गावकऱ्यांच्या मुलांना विनामूल्य शिकवावे, अशी तेथील व्यवस्था होती.

अशा शाळांना इंग्लंडात ‘ग्रामर स्कूल’ म्हणत. शब्दशः भाषांतर केले तर व्याकरणशाळा. मात्र हे व्याकरण इंग्रजीचे नव्हे, लॅटिनचे! इंग्रजी ही घरची आणि बाजारातली बोली. ती शाळेत जाऊन शिकावयाची असते, असे कोणाच्या मनातही येत नसे. अशा शाळेतील मुलाचे एक वर्ष कसे जात असेल, ते आज आपण पाहू. सर्वच तपशील एका स्ट्रॅटफर्डचे नाहीत. निरनिराळ्या शाळांचे नियम उपलब्ध आहेत, त्यांवरून हे चित्र जुळविता येते.

मुलगा सुमारे सात वर्षांचा झाला, की या शाळेत येई. अक्षरओळख त्याआधीच झालेली असे. एका लहान लाकडी फळीवर मुळाक्षरे आणि प्रार्थना छापलेला कागद चिकटवीत आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवीत. हेच त्याचे पहिले पुस्तक. आपल्याकडील धूळपाटीची ही दूरची बहीणच म्हणावयाची. अक्षरओळखीच्या या शाळेत मुलीही असू शकत. व्याकरणशाळेचे दार मात्र सामान्यतः त्यांना बंद असे.

उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला शाळा भरे. अकराच्या सुमारास जेवणाची सुटी होई, आणि पुन्हा एकपासून पाचपर्यंत पाठ चालत. आठवड्याचे सहा दिवस हाच क्रम. एकाच लांब दालनात सर्व वर्ग बसत. धाकटी मुले नामाची रूपे मोठ्याने घोकीत असत, तर वरची मुले त्याच गलक्यात कवितेचा अन्वय लावीत. सर्वांच्या हाती एकच व्याकरण असे. लंडनच्या सेंट पॉल शाळेचे पहिले मुख्याध्यापक विल्यम लिली यांच्या नावाने ते ओळखले जाई, आणि आठव्या हेन्री राजाच्या आज्ञेने साऱ्या राज्यात तेच चालू झाले होते. ज्यांच्या घरात आजोबांच्या तोंडून रूपावली आणि अमरकोश ऐकू येत असे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. आधी पाठ करावे. अर्थ मागाहून येतो, असाच तेथेही विश्वास होता.

हिवाळा हा मोठा कठीण काळ. सकाळी सातला त्या देशात अंधारच असतो. हॅरो येथील शाळेच्या संस्थापकाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस जे नियम घालून दिले, त्यांत पालकांनी मुलाला कागद, शाई, लेखण्या, पुस्तके आणि हिवाळ्यासाठी मेणबत्त्या पुरवाव्यात असे म्हटले आहे. त्याच नियमांत धनुष्यबाण देण्याचीही सूचना आहे, कारण तिरंदाजी हा त्या मुलांचा मान्य खेळ होता. शाळेत शिकवणे फुकट असले, तरी शाळेत जाणे फुकट नव्हते, हे या यादीवरून ध्यानात येते.

नाताळ जवळ आला, की कित्येक शाळांत एक विलक्षण प्रकार घडे. मुले शाळेचे दार आतून बंद करून घेत, शिक्षकाला बाहेर ठेवीत, आणि सुटीच्या अटी मान्य झाल्यावरच दार उघडीत. चेशायर परगण्यातील विटन येथील शाळेच्या संस्थापकाने तर या चालीला आपल्या नियमांतच जागा दिली होती. वर्षभर ज्याच्या हाती फोकांची जुडी, त्याला एक दिवस थंडीत दाराबाहेर उभे करावयाचे! आपल्याकडे शिमग्यात जे घडते, त्याचाच हा एक मासला.

वसंतातील उपवासाचा काळ सुरू होण्यापूर्वीच्या मंगळवारी कोंबड्यांच्या झुंजी होत आणि त्या निमित्ताने काही ठिकाणी मुले शिक्षकाला पैसे देत. सेंट पॉल शाळेचे संस्थापक जॉन कोलेट यांना मात्र हे पसंत नव्हते. त्यांनी १५१८ च्या आपल्या नियमांत या झुंजींना मनाई केली. त्यांच्या शाळेत १५३ मुलांना प्रवेश होता. बायबलातील एका कथेत जाळ्यात सापडलेल्या माशांची संख्या १५३ आहे, तिच्याशी हा आकडा जुळतो.

फोकांच्या जुडीचा उल्लेख वर आलाच आहे. १५६३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये प्लेग असल्यामुळे एलिझाबेथ राणीचा दरबार विंडसरला होता. तेथे भोजनाच्या वेळी बातमी निघाली, की जवळच्याच ईटन शाळेतील काही मुले माराच्या भीतीने पळून गेली. त्यावरून मोठा वाद झाला. राणीचे एकेकाळचे शिक्षक रॉजर ॲस्कम हे त्या पंक्तीला होते. भीतीने मूल विद्येचाच द्वेष करू लागते, असे त्यांचे मत. या चर्चेतून त्यांनी शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १५७० साली प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथातील एक साधी युक्ती आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुलाने लॅटिन उतारा घ्यावा आणि त्याचे इंग्रजी करावे. मग मूळ पुस्तक बाजूला ठेवून, काही वेळाने त्या इंग्रजीचे पुन्हा लॅटिन करावे. शेवटी शिक्षकाने दोन्ही लॅटिन शेजारी ठेवून फरक समजावून द्यावा, आणि चुकल्यास मारू नये. हेतू लॅटिन सुधारण्याचा होता, यात संशय नाही. परंतु या येरझाऱ्यांत मुलाच्या हाताखालून दररोज इंग्रजीही जात होती. लॅटिनमधील एखादी रेखीव उक्ती आपल्या बोलीत कशी आणावी, शब्द अपुरा पडला तर काय करावे, याचा त्याला नकळत सराव होत होता.

उन्हाळ्यात दिवस मोठा होई आणि अभ्यासही. खालच्या वर्गात इसापाच्या गोष्टी लॅटिनमधून वाचीत. त्यावर टेरेन्सची नाटके, सिसेरोची पत्रे, ओव्हिड आणि व्हर्जिल यांची काव्ये येत. इरॅस्मस या पंडिताच्या एका पुस्तकात ‘तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला’ एवढेच वाक्य शंभराहून अधिक प्रकारांनी लिहून दाखविले आहे. मुलांनी तसाच प्रयत्न करावा अशी अपेक्षा असे. श्रूजबरीच्या शाळेत गुरुवारी खेळावयास जाण्यापूर्वी वरच्या वर्गातील मुलांनी एखाद्या सुखान्त नाटकाचा एक अंक करून दाखवावा, असा नियम होता. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेची मुले तर राणीपुढे नाटके करीत.

कित्येक शाळांत वरच्या वर्गातील मुलांनी आवारात इंग्रजी बोलणे हा दंडाला पात्र असा अपराध होता. हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना आपापली शाळा आठवेल! ज्या इंग्रजीसाठी आपल्या मुलांना मराठी बोलल्याबद्दल बोलणी खावी लागली, ती इंग्रजीच एकेकाळी स्वतःच्या देशात, स्वतःच्या शाळेत दंड भरीत होती.

वर्ष संपताना काही बाके रिकामी होत. आई-बापांची स्थिती खालावली, की मुलगा दुकानात किंवा शेतावर लागे. स्ट्रॅटफर्डमध्ये हातमोजे करणारे जॉन शेक्सपिअर हे १५६८ साली नगरप्रमुख झाले होते. पुढे त्यांचे दिवस फिरले. १५७६ नंतर ते नगरसभेस येईनासे झाले, आणि १५७८ साली पत्नीकडून आलेली जमीन गहाण पडली. त्यांचा मुलगा विल्यम तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्या काळचा हजेरीपट राहिलेला नाही. तथापि नगरप्रमुखाच्या मुलाला ही शाळा मोफत होती, आणि पुढे त्याच्या लिखाणात लिलीचे व्याकरण व ओव्हिडचे काव्य जागोजाग दिसते. तेव्हा तो येथेच शिकला, असे अभ्यासक मानतात. तो विश्वविद्यालयात मात्र गेला नाही. ‘विंडसरच्या गंमतीदार बायका’ या अर्थाच्या नावाच्या त्याच्या नाटकात विल्यम याच नावाच्या मुलाची लॅटिनची परीक्षा चालली आहे. परीक्षक इंग्रजी मोडकेतोडके बोलतो, आणि शेजारी उभी असलेली बाई लॅटिन शब्दांचे भलतेच अर्थ लावते. शाळेतील धाक पुढे रंगभूमीवर हास्य होऊन आला, तो असा.

या शाळेने काय दिले याचा आणखी एक पुरावा स्ट्रॅटफर्डमध्येच आहे. १५९८ च्या सुमारास तेथील क्वाइनी घराण्यातील अकरा वर्षांच्या मुलाने लंडनला गेलेल्या आपल्या वडिलांना पत्र लिहिले. मागणी काय, तर येताना कागदाच्या दोन वह्या आणाव्यात. परंतु पत्र सबंध लॅटिनमध्ये! आणि न दिलेल्याची साक्षही त्याच गावात आहे. १६११ सालच्या एका दस्तऐवजावर साक्षीदार म्हणून विल्यम शेक्सपिअरची धाकटी मुलगी ज्यूडिथ आहे. तिने सहीच्या जागी केवळ खूण केली आहे. बाप जगाचा कवी झाला. मुलीच्या हाती लेखणी आली नाही. त्या शाळेचा गौरव करताना ही खूण विसरता कामा नये.

मर्चंट टेलर्स शाळेचे पहिले मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर यांनी १५८२ साली एक पुस्तक लिहून आपल्या देशबांधवांना बजावले, की लॅटिनचा आदर अवश्य करावा, पण आपले विचार आपल्या इंग्रजीत का मांडू नयेत? विशेष हे, की हे सांगणारा मनुष्य जन्मभर लॅटिन शिकवीत आला होता. परभाषा नीट येत होती, म्हणूनच स्वभाषेची योग्यता त्याला मोजता आली. व्याकरणशाळेचे खरे फळ हेच, आणि ते तिच्या संस्थापकांनी मनात योजिलेलेही नव्हते. त्यांना लॅटिनचे पंडित हवे होते. दालनात बसून येरझाऱ्या घालणाऱ्या मुलांनी इंग्रजीला समर्थ केले.

पुढे काळाचे चक्र फिरले आणि तीच इंग्रजी आपल्याकडे लॅटिनच्या जागी येऊन बसली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकविणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ला ‘विकारविलसित’ या नावाने मराठी वेष दिला. स्ट्रॅटफर्डच्या मुलाने ओव्हिडला जे केले, तेच पुण्याच्या शिक्षकाने स्ट्रॅटफर्डच्या मुलाला केले.

आपण इंदूरला असू, बेळगावला असू, बडोद्याला अथवा हैदराबादला. आपल्या मुलांना घराबाहेर पडताच दुसरी, तिसरी भाषा बोलावी लागते. याचे दुःख मानण्याचे कारण नाही. चिंता एवढ्याचीच बाळगावी, की मूल पलीकडच्या काठावर जाऊन तेथेच राहू नये. शाळेत त्याने जे वाचले, ते रात्री जेवताना आजीला मराठीत सांगावयास लावावे. शब्द अडेल, तेथे थांबून सर्वांनी मिळून शोधावा. त्यासाठी सनद लागत नाही आणि २० पौंडही लागत नाहीत. आणि ते सांगणारे मूल मुलगी असेल, तर तिच्याही हाती आपल्या भाषेची लेखणी आहे ना, हे पाहावे.