तळटीप : कवटीचा ‘साचा’

पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये २०१८ साली अपघातग्रस्त चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा सुमारे ६० टक्के भाग बदलण्यात आला. त्या जागी बसवलेला पॉलिइथिलिनचा साचा तिच्याच मापांवरून अमेरिकी कंपनीने घडवला होता.

असे साचे सीटी स्कॅनवरून बनतात. स्कॅनमध्ये हाड मऊ ऊतींपेक्षा उजळ दिसते. तेवढेच वेगळे काढून संगणक त्रिमितीय कवटी उभी करतो. एकच बाजू फुटली असेल, तर शाबूत बाजूची आरशातली प्रतिमा तिथे बसवतात. पण कोणतीही कवटी दोन्हीकडे तंतोतंत सारखी नसते, म्हणून कडा जुळवायला अनुभवी नजर लागतेच.

भगदाड मध्यरेषा ओलांडून गेले, की आरसा निकामी. मग अनेक धडधाकट कवट्यांच्या स्कॅनवरून शिकलेले सांख्यिकी प्रारूप उरलेल्या हाडावरून हरवलेल्याचा अंदाज बांधते. तो अंदाजच असतो; अंतिम आकार शल्यविशारदाने तपासावा लागतो.