जुनी गाणी न गाणारा बॉब डिलन

१ नोव्हेंबर १९७९. सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात दोन हजारांहून थोडे जास्त लोक बॉब डिलनची वाट बघत बसले होते. मोठमोठी स्टेडियम भरवणारा हा माणूस पुढच्या पंधरवड्यात या छोट्या थिएटरात तब्बल १४ कार्यक्रम करणार होता.

दिवे मंद झाले आणि मंचावर आली रेजिना हॅविस ही तरुण कृष्णवर्णीय गायिका. तिने आधी एक गोष्ट सांगितली. एका म्हातारीचा मुलगा मरणाच्या दारात आहे. तिला आगगाडीने त्याच्याकडे जायचंय, पण तिकिटाला पैसे नाहीत. कंडक्टर तिला चढू देत नाही. ती प्रार्थना करते, आणि मग गाडी काही केल्या जागची हलत नाही. शेवटी कंडक्टरच तिला बोलावतो: तुझं तिकीट येशूने काढलंय, बस गाडीत.

गोष्ट संपली आणि पियानोच्या साथीने गॉस्पेल सुरू झालं. गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतं. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलून धरायची. यानंतर डिलन आला. त्याने त्या रात्री जी गाणी म्हटली ती सगळी येशूची होती. काही ऑगस्टमध्ये आलेल्या ‘स्लो ट्रेन कमिंग’ या अल्बममधली, तर उरलेली लोकांनी कधीच न ऐकलेली, कारण त्यांचा अल्बम अजून रेकॉर्डही झाला नव्हता. ‘ब्लोइंग इन द विंड’ नाही, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ नाही. जुनं एकही गाणं नाही.

हा धक्का केवढा मोठा होता, हे कळायला डिलन तेव्हा लोकांसाठी कोण होता ते पाहावं लागेल. मिनेसोटातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा साठच्या दशकात एका अख्ख्या पिढीचा आवाज झाला होता. नेत्यांवर, धर्मगुरूंवर, वडीलधाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, प्रश्न विचारा, हे त्या पिढीने त्याच्या गाण्यांतून उचललं होतं. आता तोच माणूस म्हणत होता की उत्तर एकच आहे आणि ते बायबलमध्ये आहे.

हे घडलं कसं? १९७८च्या लांबलचक दौऱ्यात सॅन डिएगोला कुणीतरी मंचावर एक छोटा क्रॉस फेकला. डिलनने तो उचलून खिशात टाकला. पुढे ऍरिझोनातल्या एका हॉटेलच्या खोलीत आपल्याला येशूचं अस्तित्व जाणवलं, असं त्याने नंतर सांगितलं. १९७९च्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियातल्या ‘व्हिनयार्ड’ या चर्चच्या बायबलच्या वर्गांना जाऊ लागला.

वॉरफिल्डच्या पहिल्या रात्रीनंतर शहरातल्या दोन्ही मोठ्या वर्तमानपत्रांनी कार्यक्रमाची सालटी काढली. ‘डिलन संपला’ अशी हवा झाली. पण हे परीक्षण १४ पैकी एका रात्रीचं होतं. ‘क्रॉडॅडी’ हे रॉक संगीताचं मासिक सुरू करणारा पॉल विल्यम्स पुन्हा पुन्हा वॉरफिल्डला गेला. आपल्या लाडक्या गायकाचं नेमकं काय झालंय, या प्रश्नावर त्याने एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं ऐकली तर हुर्योबरोबर टाळ्याही भरपूर ऐकू येतात. पुढे सँटा मोनिकाला तर लोकांनी त्याचं प्रेमाने स्वागत केलं.

सगळ्यात वाईट प्रसंग आला टेम्पीला, ऍरिझोनातल्या विद्यापीठाच्या सभागृहात. विद्यार्थी ‘रॉक अँड रोल!’ म्हणून ओरडत राहिले. डिलन चिडला. रॉक अँड रोल हवं असेल तर किस बँडकडे जा आणि नाचत नाचत नरकात पोहोचा, अशा अर्थाचं त्याने सुनावलं. दोन गाण्यांच्या मध्ये तो लांबलचक प्रवचन द्यायचा: जगाचा अंत जवळ आलाय, रशिया चाल करून येणार आहे, वाचतील ते फक्त येशूचे. शेवटच्या दिवसांबद्दलची अशी भाकितं हॅल लिंडसीच्या खूप खपलेल्या पुस्तकातून तेव्हा घरोघरी पोहोचली होती.

डिलनच्या चाहत्यांना हा इतिहास सांगायला आवडतो तो असा: लोक मूर्ख होते, त्यांना फक्त जुनी गाणी हवी होती. यात तथ्य आहेच. १९६५-६६मध्ये डिलनने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली तेव्हाही लोक असेच भडकले होते. मँचेस्टरला एकाने भर कार्यक्रमात त्याला ‘जूडास’ म्हणून हाक मारली होती. जूडास म्हणजे येशूचा विश्वासघात करणारा शिष्य. तेरा वर्षांनी डिलन खरोखरच येशूची गाणी गाऊ लागला, तर लोकांना तोही विश्वासघातच वाटला.

पण १९७९ साली राग येण्यामागे आणखी एक कारण होतं. त्याच वर्षी जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि कट्टर ख्रिस्ती गट अमेरिकेच्या राजकारणात उतरले. गर्भपात आणि समलैंगिकांचे हक्क हे त्यांच्या निशाण्यावर होते. सॅन फ्रान्सिस्को हे तर समलैंगिक चळवळीचं मोठं केंद्र. तिथल्या श्रोत्यांना मंचावरून कुणी ‘तुम्ही पापी आहात’ असं सांगत असेल, तर त्याचा सूर कितीही सच्चा असला तरी बोचणारच. ही गाणी लोकांना आवडतच नव्हती असंही नाही. ‘स्लो ट्रेन कमिंग’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि त्यातल्या ‘गॉटा सर्व्ह समबडी’ला ग्रॅमी मिळालं. घरी रेकॉर्ड ऐकताना प्रवचन नसायचं आणि बाकी आवडत्या रेकॉर्डही हाताशी असायच्या. थिएटरात ती सोय नव्हती.

नोव्हेंबर १९८०मध्ये डिलन पुन्हा वॉरफिल्डला आला. या वेळी त्याने गॉस्पेलसोबत जुनी गाणीही घेतली, आणि कार्लोस सँटाना, जेरी गार्सियासारखे पाहुणे मंचावर आले. तोवर गॉस्पेलचा दुसरा अल्बम ‘सेव्हड’ बाजारात पडला होता. १९८३च्या ‘इन्फिडेल्स’पर्यंत उघड धर्मप्रचार जवळपास थांबला.

२०१७मध्ये या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं ‘ट्रबल नो मोअर’ या नावाने आली आणि कौतुकाचा पाऊस पडला. जिम केल्टनरचे ड्रम्स, मागच्या गायिकांचे आवाज आणि त्यांच्यापुढे जीव तोडून गाणारा डिलन ऐकला की हे कौतुक पटतं. पण सोबत आलेल्या फिल्ममध्ये डिलनची मूळ प्रवचनं नाहीत. त्याऐवजी मायकल शॅनन हा नट नव्याने लिहिलेली, जरा सौम्य प्रवचनं देतो. टेम्पीच्या विद्यार्थ्यांना संगीत आणि दमदाटी एकत्रच घ्यावी लागली होती. आपल्याला नुसतं संगीत मिळतंय. त्यामुळे त्यांना कमअस्सल श्रोते ठरवणं फार सोपं आहे.

२०२१पासूनच्या दौऱ्यात ऐंशी ओलांडलेला डिलन ‘गॉटा सर्व्ह समबडी’ रात्रीमागून रात्री गात होता आणि कार्यक्रमाचा शेवट करत होता ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’ने. तेही त्याच काळातलं, १९८१चं भक्तिगीत. प्रवचन नव्हतं, हुर्यो नव्हती. ज्या गाण्यांनी जुन्या गाण्यांची जागा अडवली म्हणून लोक चिडले होते, त्यांतलं एक आता जुनं, आवडतं गाणं झालं होतं.