वारसा शोधताना सापडलेला विषाणू

पूर्वी रक्ततपासणीच्या कागदावर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे शब्द असत. काविळीचा आणि ऑस्ट्रेलियाचा संबंध काय, असा प्रश्न अनेकांना पडे. या नावामागे एका चुकलेल्या तर्काची कथा आहे. ती सांगावीशी वाटते, कारण तोच तर्क आपल्या घरांतून अजून केला जातो.

अमेरिकेतले डॉ. बरूच ब्लुमबर्ग काविळीच्या मागे नव्हतेच. एकच रोग एकाला आडवा करतो आणि दुसऱ्याला शिवतही नाही, असं का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर रक्तातल्या आनुवंशिक फरकांत असेल, या विचारानं त्यांनी देशोदेशींचे रक्ताचे नमुने जमवले. हिमोफिलियाच्या रुग्णांना वारंवार दुसऱ्यांचं रक्त द्यावं लागे. त्यामुळे परक्या प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्यं त्यांच्या रक्तात तयार होत. १९६३ साली अशा एका रुग्णाचं प्रतिद्रव्य ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तातल्या अनोळखी प्रथिनाशी जुळलं. त्यावरून हे नाव पडलं.

हे प्रथिन काही कुटुंबांत अनेकांच्या रक्तात सापडे. तेव्हा ते वारशानं येत असणार, असं मानलं गेलं. पण वारशानं आलेलं प्रथिन मधेच उगवत नाही. १९६६ साली एका रुग्णाच्या रक्तात आधी नसलेलं हे प्रथिन दिसू लागलं, आणि त्याच्या यकृताला सूज असल्याचंही आढळलं. पुढे स्पष्ट झालं, की हे तर हिपॅटायटिस बी विषाणूचं आवरण! या शोधातून लस आली आणि १९७६ साली ब्लुमबर्ग नोबेलचे मानकरी ठरले.

मग कुटुंबांत ते का दिसे? कारण बाळंतपणात आईकडून बाळाला विषाणूची लागण होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली लागण वारशासारखी दिसते.

तरी ब्लुमबर्ग यांचा मूळ प्रश्न खरा होता. मोठेपणी लागण झालेल्या बहुतेकांच्या शरीरातून विषाणू निघून जातो. तान्हेपणी लागण झालेल्या दहांपैकी नऊ जणांत तो ठाण मांडतो. वयाचा हा परिणाम सर्वांत मोठा. पण वय सारखं असूनही फरक उरतोच. १९९५ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियातून उत्तराचा एक भाग मिळाला. तिथे एचएलए जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्यांमध्ये विषाणू निघून जाण्याचं प्रमाण जास्त होतं. ही जनुकं विषाणूचे तुकडे पकडून रक्षक पेशींना दाखवणारी प्रथिनं घडवतात. ओळख चांगली पटली, तर हल्लाही जोरदार होतो. २००९ साली जपान आणि थायलंडमधल्या अभ्यासातही याच जनुकसमूहाकडे बोट गेलं.

म्हणजे विषाणू बाहेरून येतो. त्याच्याशी झुंजण्याची ताकद काही अंशी वारशानं येते. हा फरक कळला नाही, की ‘तिच्या माहेरचं रक्तच तसं’ म्हणून सुनेला बोल लावला जातो, ठरलेली लग्नं मोडतात. तिनं आजार वारशात आणलेला नसतो. बहुधा तान्हेपणी तिलाच तो झालेला असतो. तिच्या बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळणं मात्र आपल्या हातात आहे. २०११पासून ही लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात आहे. बोल लावण्याऐवजी तेवढी आठवण घरातल्या मोठ्यांनी ठेवावी.