दूधबावलीची रांग आणि पहाटे तीनचा खोकला

हैदराबादच्या मराठी घरांत दम्याचा विषय निघाला की दूधबावलीचं नाव येतंच. मृग लागला की जुन्या शहरात बत्तिनी गौड कुटुंबाच्या दारी रांग लागायची. बोटाएवढा जिवंत मरळ मासा, त्याच्या तोंडात पिवळा लगदा, आणि तो तसाच गिळायचा! ही प्रथा १८४५ पासूनची, असं ते कुटुंब सांगतं. पुढे गर्दी आवरेना म्हणून हे वाटप नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर गेलं. मासा न खाणाऱ्या आमच्यासारख्यांना तेच औषध गुळातून मिळे. दमा त्याने बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही, पण रांगेतली श्रद्धा मात्र खरी असायची.

गौलीगुड्यातली माझी काकू तीन मृग त्या रांगेत उभी राहिली. पण त्याआधीची दोन वर्षं तिच्या दुखण्याला कुणी नावच दिलं नव्हतं. दमा म्हणजे पोरवयाचा किंवा बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचा, हा आमच्याकडचा पक्का समज. हिला तर तो पंचेचाळिशी ओलांडल्यावर लागला. पहाटे तीनला कोरडा खोकला येई, उठून बसलं की जरा बरं वाटे. मिरचीच्या फोडणीचा ठसका तासभर जात नसे. जोरात हसली तरी खोकला, आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं. दिवसा मात्र ठणठणीत! दवाखान्यात दुपारी छाती तपासली की साफ निघे. मग काय, "वय झालं, अशक्तपणा आहे, पाळी जायचे दिवस आहेत." खोकल्याची बाटली घेऊन घरी.

खरं म्हणजे हे येणं-जाणं हीच दम्याची खूण. रात्री आणि पहाटे श्वासनळ्या जास्त आवळतात, दुपारी सुटतात. चरकसंहितेतल्या तमकश्वासाच्या वर्णनात हे सगळं आहे: आडवं झालं की त्रास, बसलं की आराम, ढगाळ आणि थंड हवेत वाढणारा. आमच्या घरात कपाटात ग्रंथ होता, पण उघडतंय कोण!

मोठेपणी लागणाऱ्या दम्यात आणखी काही गोष्टी विचाराव्या लागतात. कामाच्या जागी पीठ, रंग किंवा रसायनं आहेत का? सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीनंतर धाप लागते का? हृदयाचं दुखणंही असंच धापेने येतं, म्हणून अंदाजावर भागत नाही. यंत्रात फुंकायचं, मग पंप घेऊन पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या खेपेला हवा १२ टक्के आणि २०० मिलीलिटरहून जास्त वाढली, तर दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा. घरी फुंकायचं साधं यंत्रही असतं. पहाटेचा आकडा संध्याकाळपेक्षा बराच खाली येत असेल तर तोही बोलका.

सॅल्ब्युटामॉलचा पंप १९६९ चा, सूज उतरवणारा स्टिरॉइडचा १९७२ चा. म्हणजे काकू आजारी पडली तेव्हा जगात दोन्ही होते. तिच्या हातात ते यायला मात्र पुढची पाच वर्षं गेली. आले तेव्हाही घरात कुजबुज, "पंपाची सवय लागते हो, तो शेवटचा इलाज." ती सवय नसते, पण काकूला कोण सांगणार? लग्नकार्यात ती पंप पदराआड धरून न्हाणीघरात जायची, कडी लावायची, आणि दोन झुरके घेऊन हसत पंगतीत वाढायला यायची.